त्वचाशोथ व स्टेरॉइड मलमे : पुण्यातील इतिहास

बाह्य कारणांनी अथवा शरीराच्या अंगभूत प्रवृत्तीमुळे त्वचेचा जो दाह होतो त्यास त्वचाशोथ म्हणतात. इसब हा त्याचा सर्वांत परिचित प्रकार होय. लाली, खाज, बारीक पुटकुळ्या, त्यांतून पाझरणारी लस आणि जुनाट अवस्थेत जाड, कोरडी व काळपट झालेली त्वचा ही त्याची लक्षणे आहेत. या विकारावर १९५२ नंतर स्टेरॉइड मलमे वापरात आली आणि त्वचारोगचिकित्सेचे स्वरूप पालटले. त्याच दशकात पुणे शहरात गाजरगवत या परदेशी तणाची नोंद झाली व त्यापासून होणाऱ्या त्वचाशोथाचे रुग्ण पुढील दोन दशकांत वैद्यांपुढे येऊ लागले. औषध आणि व्याधी अशी जवळजवळ बरोबरीने आल्यामुळे स्टेरॉइड मलमाने काय साधते व काय साधत नाही, हे पुण्याच्या उदाहरणावरून स्पष्टपणे पाहता येते. ही मलमे दाह शमवितात. दाहाचे कारण नाहीसे करीत नाहीत. त्यांच्या सुरक्षित वापराचे जे नियम आज सांगितले जातात, ते बहुतेक सर्व या एका भेदाकडे दुर्लक्ष झाल्याने घडलेल्या अपायांतून निघाले आहेत.

जुने वैद्यक व लोकभाषा : आयुर्वेदात त्वचाविकारांचा विचार कुष्ठ या व्यापक संज्ञेखाली केलेला असून चरकसंहितेत सात महाकुष्ठे व अकरा क्षुद्रकुष्ठे सांगितली आहेत. क्षुद्रकुष्ठांपैकी विचर्चिका या विकाराचे वर्णन इसबाशी बरेच जुळते. लोकव्यवहारात मात्र इसब, नायटा, गजकर्ण व खरूज ही नावे सैलपणे वापरली जातात आणि एकाच चट्ट्याला घरातील दोन माणसे दोन नावे देतात. मलमाच्या बाबतीत हा केवळ शब्दांचा घोळ राहत नाही. इसब हा दाह आहे, गजकर्ण हा कवकाचा (बुरशीचा) संसर्ग आहे आणि खरूज ही त्वचेत बीळ करून राहणाऱ्या सूक्ष्म किडीमुळे होते. पहिल्यावर स्टेरॉइड मलम योग्य ठरते. दुसऱ्यावर ते लावल्यास खाज थांबते व कवक अधिक जोमाने पसरते. तिसऱ्यात रोगाचे स्वरूपच झाकले जाते व तो घरभर पसरण्यास अवधी मिळतो. तिन्हींत खाज हे लक्षण समान असल्याने केवळ खाजेवरून औषध ठरविणे धोक्याचे असते.

पुण्याच्या जुन्या पेठांपैकी नारायण पेठ ही मुठा नदीच्या उजव्या काठाला लागून वसली आहे. नारायणराव पेशव्यांचे नाव धारण करणाऱ्या या पेठेत वाड्यांची दाट वस्ती, छापखाने, दुकाने आणि दवाखाने दीर्घकाळ एकमेकांना खेटून आहेत. अशा वस्तीतील घरगुती त्वचाशोथाची कारणे पुष्कळशी रोजच्या वापरातील वस्तूंत सापडतात. भांडी व कपडे धुण्याच्या साबणाने हातांची त्वचा फाटते. लसूण सोलणाऱ्या बोटांची टोके सोलवटतात. हलक्या धातूच्या दागिन्यांतील निकेल कानाच्या पाळीवर व मनगटावर चट्टा उठविते. चपलेच्या पट्ट्यांखालील पावलावर तिच्याच आकाराचा डाग पडतो. कुंकवातील रंगद्रव्यांनी कपाळावर होणारा त्वचाशोथही वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेला आहे. बिब्ब्याची गोष्ट तर विशेष आहे. घरगुती औषध म्हणून तो लावला जातो, आणि त्याच्या तेलाने अंगावर फोड येतात. बिब्ब्याच्याच रसाने परीट कपड्यांवर खुणा करीत असत. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या परदेशी सैनिकांच्या मानेवर व कमरेवर नेमक्या त्या खुणांच्या जागी त्वचाशोथ उमटू लागला, आणि १९४३ मध्ये ‘धोबी खुणेचा त्वचाशोथ’ या नावाने अमेरिकन वैद्यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. कारण ओळखून कपड्यावरील खूण टाळणे हाच त्यावरचा उपाय होता. या सर्व प्रकारांत डाग कोठे पडला आहे यावरून कारणाचा माग लागतो. गाजरगवताने मात्र हा माग अवघड केला, कारण त्याचा स्पर्श रुग्णाला जाणवतच नाही.

गाजरगवत : पार्थेनियम हिस्टेरोफोरस हे मेक्सिकोच्या आखाताभोवतालच्या उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील तण होय. त्याची पाने गाजराच्या पानांसारखी चिरलेली असतात, म्हणून त्यास गाजरगवत हे नाव पडले. ‘काँग्रेस गवत’ हे दुसरे नाव त्याच्या बारीक पांढऱ्या फुलोऱ्यांवरून पडले असे सांगतात. प्रा. परांजपे यांना १९५१ मध्ये पुण्यातील कचऱ्याच्या ढिगावर याची तुरळक झाडे आढळली, असे वनस्पतिवैज्ञानिक वाङ्मयात नमूद आहे. पुढे आर. एस. राव यांनी १९५६ मध्ये मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात भारतातील नवी वनस्पती म्हणून तिची नोंद प्रसिद्ध केली. हे तण अमेरिकेकडून ‘पी. एल. ४८०’ खाली आलेल्या गव्हातून आले, असा समज महाराष्ट्रात सर्वत्र रूढ आहे. परंतु त्या कायद्याखालील भारताचा पहिला करार ऑगस्ट १९५६ मधील आहे. पुण्यातील झाडे त्यापूर्वीची आहेत. अमेरिकन गहू १९५१ च्या कर्जाऊ मदतीतूनही आला होता, तेव्हा धान्याशी तणाचा संबंध अजिबात नाही असे म्हणता येत नाही. तथापि लोकप्रिय कथेतील कराराचे नाव तरी तारखांच्या कसोटीला उतरत नाही.

मोकळी, उकरलेली व दुर्लक्षित जमीन या तणाला मानवते. रस्त्यांच्या कडा, बांधकामाच्या जागा, लोहमार्गाच्या बाजू आणि नदीचा काठ ही त्याची ठिकाणे. मुठेच्या पात्रालगतची पेठ त्यातून सुटणे शक्य नव्हते. एक जोमदार झाड पंधरा हजारांहून अधिक बिया देते आणि अनुकूल ओलावा असल्यास वर्षातून अनेक पिढ्या होतात. पाने व खोड यांवरील सूक्ष्म केसांत पार्थेनिन हे सेस्क्विटर्पीन लॅक्टोन गटातील द्रव्य असते. त्याची संरचना हेर्ट्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये निश्चित केली. हे केस व सुकलेल्या झाडाचा चुरा वाऱ्याबरोबर उडून उघड्या अंगावर बसतो. प्रथम काहीच होत नाही. शरीराची प्रतिकारयंत्रणा या द्रव्याशी परिचित होण्यास महिने किंवा वर्षे लागतात आणि एकदा ती संवेदनशील झाली, की अत्यल्प चुराही दाह भडकविण्यास पुरतो. हा विलंबित प्रकारचा अधिहर्षतेचा (ॲलर्जीचा) आविष्कार असल्याने संपर्क आणि पुरळ यांत एक-दोन दिवसांचे अंतर पडते. परिणामी रुग्णाला आदल्या दिवशीची वाट आठवत नाही. तो आदल्या दिवशीच्या जेवणाला दोष देतो.

या विकाराचे पहिले सविस्तर अध्ययन पुण्यातच झाले. त्वचारोगतज्ज्ञ लोणकर यांनी मिचेल व कॅल्नन यांच्यासह गाजरगवतापासून होणाऱ्या स्पर्शजन्य त्वचाशोथावरील निबंध १९७४ मध्ये लंडनच्या सेंट जॉन्स रुग्णालयाच्या त्वचारोग संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यानंतर १९७६ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील नागसंपगी आदी रसायनशास्त्रज्ञांच्या सहकार्याने त्यांनी या तणातील प्रतिजनाविषयीचे संशोधन मांडले. निदानाची पद्धत जुनीच होती. संशयित द्रव्य पाठीवर पट्टीखाली बांधून दोन दिवसांनी त्वचा तपासण्याची पट्टी-चाचणी याडासोन यांनी १८९५ मध्ये प्रचारात आणली होती. पुण्याच्या कामाचे मोल असे, की ‘हवेने येणारे इसब’ किंवा ‘उन्हाची ॲलर्जी’ म्हणून हाताळल्या जाणाऱ्या रुग्णांच्या विकाराला त्यामुळे निश्चित कारण मिळाले.

या रुग्णांत मध्यमवयीन पुरुषांचे, विशेषतः शेतात वा उघड्यावर काम करणाऱ्यांचे प्रमाण अधिक आढळते. आरंभ पापण्या, मान, कानामागील भाग, गळ्याचा उघडा त्रिकोण आणि कोपराच्या आतील घडी येथे होतो. वरच्या पापण्या व कानामागचा भाग यांवर ऊन फारसे पडत नाही. त्यांवरील पुरळ ही उन्हापेक्षा हवेतील कारणाची खूण मानतात. पहिली काही वर्षे विकार पावसाळ्यात तण वाढले की उफाळतो व नंतर ओसरतो. पुढे तो बारमाही होतो, चेहऱ्याची त्वचा जाड होऊन तीवर खोल वळ्या पडतात आणि काही रुग्णांना उन्हाचाही त्रास सुरू होतो. घर, शेत किंवा गाव सोडून जाण्याचा सल्ला वैद्यांनी दिल्याची उदाहरणे आहेत. उपजीविका जमिनीवर असलेल्या माणसाला तो पाळणे किती शक्य होते, हे सांगावयास नको.

स्टेरॉइड मलमांचा उदय : अधिवृक्क ग्रंथीच्या बाह्यकातील हॉर्मोने १९३० नंतरच्या दशकात केंडल व राइखश्टाइन यांनी स्वतंत्रपणे वेगळी केली. त्यांपैकी कॉर्टिसोन हे हेंच यांनी सप्टेंबर १९४८ मध्ये मेयो क्लिनिकमधील संधिवाताच्या एका रुग्ण स्त्रीला दिले. अंथरुणाला खिळलेली ती स्त्री काही दिवसांत चालू लागली. या तिघांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. आरंभी कॉर्टिसोन बैलाच्या पित्तातील अम्लापासून तीसहून अधिक टप्प्यांनी बनवावे लागे व ते अत्यंत महाग होते. मेक्सिकोतील रानटी कंदांतून मिळणाऱ्या द्रव्यापासून प्रोजेस्टेरोन बनविण्याची मार्कर यांची कृती आणि त्यावर बुरशीच्या साहाय्याने करावयाची प्रक्रिया (१९५२) यांमुळे ही औषधे स्वस्त झाली. पुण्याला छळणारे तण आणि त्यावरील औषधाचा स्वस्त कच्चा माल हे दोन्ही मेक्सिकोच्याच मातीतले, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे.

कॉर्टिसोनचे मलम त्वचेवर निरुपयोगी ठरले. ते यकृतात हायड्रोकॉर्टिसोनमध्ये रूपांतरित झाल्यावरच कार्य करते आणि हे रूपांतर त्वचेत पुरेसे होत नाही. सल्झबर्गर व विटेन यांनी १९५२ मध्ये थेट हायड्रोकॉर्टिसोनचेच मलम लावून निवडक त्वचाविकारांत गुण येतो असे दाखविले, आणि या चिकित्सेचा खरा प्रारंभ झाला. तोपर्यंत डांबरयुक्त मलमे, जस्ताचा लेप, ओल्या पट्ट्या आणि जेन्शियन व्हायोलेट यांवर भागविले जाई. त्यांचे डाग कपड्यांना पडत व गुण सावकाश येई. नव्या मलमाला रंग नव्हता, वास नव्हता आणि रात्री लावल्यास सकाळी लाली उतरलेली दिसे. स्टेरॉइडाचा रेणू त्वचेच्या कोशिकेत शिरून तेथील ग्राहकाशी जोडला जातो व दाह निर्माण करणाऱ्या द्रव्यांची घडण मंदावतो. त्याबरोबर त्वचेतील सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. हीच क्रिया अंतस्त्वचेतील कोलॅजेन या आधारभूत प्रथिनाची घडणही कमी करते. गुण आणि दोष एकाच क्रियेची दोन फळे असल्याने दोष पूर्णपणे वगळलेले प्रभावी स्टेरॉइड मलम अद्याप बनलेले नाही.

रेणूत फ्लुओरीन व अन्य गट जोडून अधिक प्रभावी द्रव्ये लवकरच तयार झाली. ट्रायामसिनोलोन ॲसिटोनाइड, फ्लुओसिनोलोन ॲसिटोनाइड व बीटामेथॅसोन व्हॅलरेट ही १९५५ ते १९६५ या काळातील आणि क्लोबेटासॉल प्रोपिओनेट हे त्यानंतरच्या दशकातील होय. त्यांची तुलना करण्यासाठी मॅकेन्झी व स्टॉटन यांनी १९६२ मध्ये साधी कसोटी शोधली : मलम लावलेल्या जागी त्वचा किती पांढरी पडते, म्हणजे रक्तवाहिन्या किती आकुंचन पावतात, ते मोजावयाचे. त्यावर आधारलेल्या ब्रिटिश वर्गीकरणात सौम्य, मध्यम, प्रबळ व अतिप्रबळ असे चार वर्ग आहेत. अमेरिकेत सात वर्ग मानतात. येथे सामान्य ग्राहकाची हमखास फसगत होते. नळीवरील टक्केवारी ही प्रभावाची खूण नसते. एक टक्का हायड्रोकॉर्टिसोन सौम्य आहे, तर ०·०५ टक्के क्लोबेटासॉल प्रोपिओनेट अतिप्रबळ आहे. क्लोबेटासोन ब्युटिरेट हे आणखी एक द्रव्य मध्यम वर्गात मोडते. क्लोबेटासॉल व क्लोबेटासोन यांच्या उच्चारात एका व्यंजनाचा फरक आहे आणि प्रभावात दोन पायऱ्यांचा.

अपायांतून आलेले नियम : मलम शरीरावर कोठे लावले जाते याला किती महत्त्व आहे, हे फेल्डमन व मायबाक यांनी १९६७ मध्ये किरणोत्सर्गी हायड्रोकॉर्टिसोन वापरून मोजले. हाताच्या पुढील भागातील शोषण एक मानल्यास कपाळावर ते सहापट, जबड्यावर तेरापट आणि वृषणकोशावर बेचाळीसपट आढळले. तळव्यावर मात्र सातवा हिस्सा. पायाच्या भेगाळलेल्या इसबाला जे मलम जेमतेम पुरते तेच चेहऱ्यावर किती घातक ठरेल, हे या आकड्यांवरून कळते. जांघेत प्रबळ मलम लावणाऱ्यांच्या त्वचेवर कायमचे ताणवण उमटल्याच्या नोंदी १९६३ पासून मिळतात. चेहऱ्यावरील लाली व फुटकुळ्या यांवर फ्लुओरीनयुक्त मलमे लावल्याने त्या वाढतात व मलम थांबविताच भडकतात, असा इशारा स्नेडन यांनी १९६९ मध्ये दिला. त्याच सुमारास, १९६८ मध्ये, आइव्ह व मार्क्स यांनी स्टेरॉइडामुळे ओळखू न येणाऱ्या गजकर्णाचे वर्णन केले : कडा पुसट झालेला, खाज कमी, आणि आत कवक मोकाट. म्हणून चेहरा, पापण्या, जांघा व काखा येथे सौम्य मलम, तेही थोडे दिवस, आणि निदानाची खात्री असल्यावरच वापरावे असे सांगितले जाते. पापण्यांवर दीर्घकाळ वापर झाल्यास डोळ्यातील दाब वाढण्याचा व मोतीबिंदूचा धोका असतो. लहान मुलांत त्वचेचे क्षेत्र वजनाच्या मानाने मोठे असते, आणि लंगोटाने झाकलेल्या भागात शोषण वाढते. तेथे प्रबळ मलम वर्ज्य समजावे.

काळाचे बंधनही याच रीतीने आले. मलम सतत लावल्यास त्याचा गुण उतरत जातो, हे ड्यु व्हिव्हिएर व स्टॉटन यांनी १९७५ मध्ये दाखविले. गुण उतरला म्हणजे रुग्ण अधिक मलम लावतो, अथवा दुकानातून अधिक प्रबळ मलम आणतो. अतिप्रबळ मलमे सलग दोन आठवड्यांपेक्षा अधिक काळ आणि आठवड्यात पन्नास ग्रॅमपेक्षा अधिक वापरू नयेत ही मर्यादा घालण्याचे एक कारण, शोषलेल्या औषधाने अधिवृक्क ग्रंथीचे स्वतःचे हॉर्मोन बनविणे मंदावते, हे होय. दीर्घकाळ वापरलेले मलम अचानक थांबविल्यावर येणारी तीव्र आग व लाली यांविषयी ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने २०२१ मध्ये सूचना प्रसिद्ध केली.

मात्रेचा प्रश्न दीर्घकाळ अनुत्तरित राहिला. ‘पातळ थर लावावा’ या सूचनेतून प्रत्येकजण आपापला अर्थ काढी. लाँग व फिनले यांनी १९९१ मध्ये बोटाच्या पेराचे माप सुचविले. पाच मिलिमीटर तोंडाच्या नळीतून प्रौढाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर जेवढी मलमाची वळी बसते, ती सुमारे अर्धा ग्रॅम भरते आणि दोन तळहातांएवढ्या त्वचेस पुरते. चेहरा व मान मिळून अडीच पेरे, एका हाताच्या पंज्यास एक, दंडासह बाहूस तीन, पायाच्या पावलास दोन आणि मांडी-पोटरीस सहा असा हिशेब येतो. पेराने मोजण्याची सवय आपल्याकडे जपाला बसणाऱ्यांनाही आहे. हे माप घरातील वृद्ध माणसाला समजावणे त्यामुळे अवघड जात नाही. या मापाचा उपयोग दुहेरी आहे. जास्त लावणाऱ्याला ते आवरते, आणि भीतीने शेंगदाण्याएवढे मलम पाठभर पुसणाऱ्याला धीर देते.

ही भीतीही उपेक्षणीय नाही. ‘स्टेरॉइड’ हा शब्द कानी पडताच पुष्कळ पालक मुलाच्या इसबावरील औषध अर्ध्यावर सोडतात. मूल रात्रभर खाजवते, त्वचेत पू होतो, आणि नंतर अधिक प्रबळ औषध अधिक काळ द्यावे लागते. योग्य वर्गाचे मलम दिवसातून एकदा वा दोनदा, दाह पूर्ण शमेपर्यंत लावणे आणि त्याबरोबर त्वचा मऊ ठेवणारे साधे स्निग्ध मलम नियमितपणे व भरपूर वापरणे, ही आजची मान्य रीत आहे. वारंवार उलटणाऱ्या इसबात दाह शमल्यावरही नेहमीच्या जागी आठवड्यातून दोन दिवस मलम लावून उद्रेक टाळता येतो. हे वैद्याच्या देखरेखीखाली करावयाचे असते. कोरड्या, जाड चट्ट्यावर तेलकट मलम व पाझरणाऱ्या चट्ट्यावर पातळ क्रीम निवडतात. चेहऱ्यासारख्या नाजूक जागी दीर्घ उपचार हवा असल्यास २००० नंतर उपलब्ध झालेले टॅक्रोलिमस हे स्टेरॉइड नसलेले मलम उपयोगी पडते.

विक्री व नियमन : औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० याखालील १९४५ च्या नियमांत अनुसूची ‘एच’ मधील औषधे नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई आहे. परंतु या अनुसूचीच्या टिपेत बाह्योपचाराची औषधे वगळलेली होती. पोटात घ्यावयाचे स्टेरॉइड चिठ्ठीवर आणि त्वचेवर लावावयाचे स्टेरॉइड मागेल त्याला, अशी विसंगती त्यामुळे अनेक दशके राहिली. टीपकर्त्यांनी त्वचेला केवळ बाहेरचे आवरण मानले असावे. फेल्डमन व मायबाक यांचे आकडे तोवर प्रसिद्ध होऊनही त्यांचा प्रकाश त्या टिपेवर पडला नाही. पेठेतील औषधाच्या दुकानात काउंटरवर हात पुढे करून चट्टा दाखवावा आणि पाच मिनिटांत नळी घेऊन निघावे, हा व्यवहार नारायण पेठेत काय किंवा राज्यातील कोणत्याही तालुक्याच्या गावी काय, सारखाच परिचयाचा झाला. स्टेरॉइड, प्रतिजैव व कवकनाशक एकत्र असलेली मलमे विशेष खपली. चट्टा कशाचाही असो, त्यांपैकी एक औषध लागू पडेलच, हा त्यामागचा हिशेब होता.

दुसरा व त्याहून दुःखद वापर गोरेपणासाठी झाला. स्टेरॉइडामुळे त्वचा तात्पुरती उजळ दिसते. डाग घालविण्याच्या मिश्रणांत ते असतेही. भारतातील बारा केंद्रांत चेहऱ्याच्या विकारांच्या २,९२६ रुग्णांची पाहणी करून सारस्वत आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अध्ययनात ४३३ रुग्ण (१४·८ टक्के) चेहऱ्यावर स्टेरॉइड लावीत असल्याचे आढळले. त्यांपैकी २९ टक्के लोक ते गोरेपणाचे वा सर्वसाधारण उपयोगाचे क्रीम म्हणून वापरीत होते, आणि ५९ टक्क्यांहून अधिक जणांना ते डॉक्टर नसलेल्या व्यक्तीने सुचविले होते. पातळ झालेली त्वचा, वर दिसणाऱ्या लाल शिरा, मुरमे, चेहऱ्यावरील लव वाढणे आणि क्रीम सोडताच होणारी आग अशी या रुग्णांची अवस्था असते. तरुण मुलींच्या बाबतीत हे क्रीम बहुधा लग्न ठरण्याच्या सुमारास घरात येते, ही गोष्ट वैद्यकीय निबंधांत क्वचितच लिहिली जाते.

त्वचारोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेच्या पाठपुराव्यानंतर केंद्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजीच्या अधिसूचनेने चौदा स्टेरॉइड द्रव्यांची बाह्योपचारी औषधेही चिठ्ठीच्या बंधनाखाली आणली. त्याच वर्षी ७ सप्टेंबरला ज्या ३२८ संमिश्र औषधांवर बंदी आली त्यांत स्टेरॉइड, प्रतिजैव व कवकनाशक यांची काही मिश्रणे होती. मधल्या काळात देशभर गजकर्णाचे स्वरूप बदलले होते. नेहमीच्या औषधांना न जुमानणारा, घरातील सर्वांना होणारा व मोठमोठे चट्टे उठविणारा गजकर्ण २०१५ च्या आसपास सर्वत्र दिसू लागला. त्यास कारणीभूत असलेल्या कवकास २०२० मध्ये ट्रायकोफायटन इंडोटिनी असे भारतसूचक नाव मिळाले. संमिश्र मलमांचा सैल वापर हे त्याच्या प्रसाराचे एकमेव कारण नसले, तरी महत्त्वाचे कारण मानले जाते.

गाजरगवताच्या त्वचाशोथावर आज प्रबळ स्टेरॉइड मलम उद्रेकाच्या काळात मर्यादित दिवस देतात आणि जुनाट रुग्णांत ॲझाथायोप्रिनसारखी पोटात घ्यावयाची औषधे रक्ताची नियमित तपासणी करून वापरतात. मलमाने उतरलेली पुरळ पुढील वाऱ्याबरोबर परतते, म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे, बाहेरून आल्यावर चेहरा व हात धुणे आणि कपडे उघड्यावर तणाजवळ न वाळविणे यांना औषधाइतकेच महत्त्व आहे. तणाच्या नियंत्रणासाठी मेक्सिकोहून आणलेले झायगोग्रामा बायकलराटा हे भुंगेरे १९८४ मध्ये बंगलोर येथे सोडण्यात आले व नंतर ते अन्यत्र पसरले; पावसाळ्यात ते पाने खातात, परंतु तण संपवू शकलेले नाहीत. झाडे फुलोऱ्यापूर्वी, हातमोजे घालून, मुळासकट उपटावी लागतात. ज्यांना विकार आहे त्यांनी हे काम स्वतः करू नये. उपटलेले गवत वाळले तरी पार्थेनिन त्यात टिकून राहते, आणि कोरडा चुरा ओल्या पानापेक्षा सहज उडतो.